चव्वेचाळीस लिटर रस, एक लिटर सिरप : अंगणातली मेपल भट्टी

मेपल सिरपमध्ये काहीच मिसळावं लागत नाही. साखर नाही, रंग नाही, इसेन्स नाही. मेपलच्या झाडाचा रस घ्यायचा आणि त्यातलं पाणी घालवायचं, झालं सिरप. मग दुकानात ते एवढं महाग का? कारण सगळा खर्च त्या ‘पाणी घालवायचं’ या दोन शब्दांत दडलेला आहे. या लेखात आपण सिमेंटच्या ठोकळ्यांची, लाकडावर चालणारी एक छोटी भट्टी बांधणार आहोत. इकडे तिला इव्हॅपोरेटर म्हणतात. बांधताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहायचा: लाकडातली उष्णता नेमकी कुठे चालली आहे?

अमेरिकेच्या ईशान्येकडे, म्हणजे वर्माँट, न्यू हॅम्पशायर, मेन, न्यूयॉर्क या भागांत, आणि सीमेपलीकडे क्वेबेकमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल हा मेपलचा हंगाम. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर असं चक्र सुरू झालं की खोडातला दाब खालीवर होतो आणि भोकातून रस ठिबकू लागतो. युरोपीय लोक येण्याच्या आधीपासून अबेनाकी, अनिशिनाबे, हौदेनोसौनी हे इथले मूळनिवासी हा रस वापरत आले आहेत. तुमच्या अंगणात शुगर मेपलची चार-पाच झाडं असतील तर हा उद्योग तुम्हालाही जमण्यासारखा आहे. झाडाचा व्यास निदान २५-३० सेंटिमीटर असावा. खोडात ८ मिलिमीटर रुंद आणि ४-५ सेंटिमीटर खोल एक भोक पाडायचं. एका भोकातून हंगामभरात साधारण ४० लिटर रस मिळतो.

आधी हिशोब

ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडचं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. खाली चुलवण, वर काहील, काहिलीत रस आणि आसमंतात वाफ. फरक एवढाच की उसाच्या रसात साखर असते जवळजवळ पाचवा हिस्सा आणि मेपलच्या रसात असते फक्त २ टक्क्यांच्या आसपास. चाखून पाहिलात तर किंचित गोडसर पाणी वाटेल. म्हणजे मेपलवाल्याची सुरुवातच गुळव्यापेक्षा दहापट पातळ रसाने होते.

तयार सिरपमध्ये साखर असते सुमारे ६७ टक्के. १ लिटर सिरपचं वजन १.३३ किलो, म्हणजे त्यात ०.८९ किलो साखर. २ टक्क्यांच्या रसातून एवढी साखर मिळवायला रस लागणार ४४ लिटर. त्यातलं ४३ लिटर पाणी हवेत सोडायचं.

आता उष्णता मोजू. रस ५ अंश सेल्सिअसवरून १०० अंशांवर न्यायला १८ मेगाज्यूल लागतात. पण १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांची वाफ करायला किलोमागे २.२६ मेगाज्यूल लागतात; हाच शाळेत शिकलेला बाष्पनाचा अप्रकट उष्मा. ४३ किलोंना झाले ९७ मेगाज्यूल. एकूण ११५. यातला ८५ टक्के खर्च तापमान १ अंशानेही न वाढवता होतो. चहाचं आधण पाच मिनिटांत येतं, पण तेच पाणी पूर्ण आटवायला अर्धा तास जातो, त्याचं कारण हेच.

वाळलेल्या लाकडातून किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल मिळतात. सगळी उष्णता रसात गेली असती तर लिटरभर सिरपला पावणेआठ किलो लाकूड पुरलं असतं. उघड्या शेकोटीवर पातेलं टांगलं आणि १० टक्के उष्णताच कामी आली असं धरलं, तर ७५ किलोंच्या वर जळेल. बेताने बांधलेल्या घरगुती भट्टीत ३० टक्के कामी येतात असं मानू, म्हणजे २५-२६ किलो. ७५ आणि २५ मधला हा फरक भट्टीच्या रचनेतून येतो. मोठ्या जाळाने तो भरून निघत नाही.

भट्टीचा सांगाडा

साहित्य साधं आहे. २० × २० × ४० सेंटिमीटरचे सिमेंटचे साधारण २४ ठोकळे, थोड्या फायरब्रिक म्हणजे भट्टीच्या विटा, लोखंडी जाळी, १५ सेंटिमीटर व्यासाचं स्टोव्हचं धुराडं आणि बुफेत अन्न गरम ठेवायला वापरतात तसली स्टेनलेस स्टीलची तीन आयताकृती भांडी. ही भांडी हॉटेलच्या सामानाच्या दुकानात मिळतात. मोठ्या मापाचं भांडं ५३ × ३२.५ सेंटिमीटरचं असतं. खोली १० किंवा १५ सेंटिमीटरची घ्या.

सपाट, बर्फ काढलेल्या जागी दोन समांतर भिंती रचा. लांबी तीन ठोकळे, उंची तीन ठोकळे. मधलं अंतर असं ठेवा की भांड्याचं पोट आत उतरेल आणि कड दोन्ही भिंतींवर टेकेल, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर. दोन भांड्यांच्या मधल्या फटीत लोखंडी अँगल आडवा टाका. तीन भांडी शेजारीशेजारी बसली की मागे वीतभर जागा उरते, ती धुराड्याची. तिच्यावर भोक पाडलेला पत्रा ठेवून धुराडं उभं करा आणि मागची बाजू ठोकळ्यांनी बंद करा. पुढे दारासाठी एक जाड पत्रा पुरतो. चुना-सिमेंट काहीच नको. हंगाम संपला की सगळं उचलून ठेवता येतं.

सिमेंटचे ठोकळे आगीसाठी बनवलेले नसतात. त्यांच्यातला ओलावा तापून ते तडकतात. म्हणून जाळाच्या बाजूला आतून फायरब्रिकचा थर द्या, आणि पहिल्या दिवशी तास-दोन तास मंद आग ठेवून ठोकळे वाळू द्या.

उष्णता अडते कुठे?

बरेच जण इथे चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतात. तांब्यातून उष्णता स्टीलपेक्षा पंचवीसेक पट सहज वाहते, मग तांब्याचं भांडं घेतलं तर रस लवकर आटेल का? गणित करून बघू.

आपल्या तीन भांड्यांचा तळ मिळून ०.४५ चौरस मीटर होतो. त्यांच्यातून तासाला १५ लिटर पाणी उडवायचं तर तळातून साडेनऊ किलोवॉट उष्णता आत जायला हवी. स्टील १ मिलिमीटर जाडीचं धरलं, तरी एवढी उष्णता ओलांडायला तळाच्या दोन बाजूंत दीड अंशापेक्षाही कमी फरक पुरतो. आतल्या बाजूला उकळतं पाणी तर उष्णता अक्षरशः ओढून घेतं. तिथे काही अंशांचा फरक पुरेसा होतो. आणि भांड्याखालचा जाळ? तो ७००-८०० अंशांचा. म्हणजे जवळजवळ सगळा अडथळा आहे तो तापलेल्या वायूकडून धातूकडे उष्णता जाण्यात. वायूचा एक पातळ, सुस्त थर तळाला चिकटून बसतो आणि गोधडीसारखं काम करतो. तांबं घेऊन तुम्ही त्या दीड अंशाची बचत कराल. गोधडी तशीच राहील.

गोधडी फाडायचे दोन उपाय आहेत. पहिला: वायूला तळाच्या अगदी जवळून, वेगाने जायला भाग पाडा. जाळी फक्त पुढच्या एक तृतीयांश भागात, जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच ठेवा. तिच्यामागे वाळू आणि विटांचा उतार चढवत न्या, इतका की मधल्या आणि मागच्या भांड्याखाली ५ ते ८ सेंटिमीटरच जागा उरेल. हा उतार नसेल तर गरम वायू भट्टीच्या पोकळीतून आरामात निघून धुराड्यात जातो. फुकटच्या वाळूचा हा ढीग तुमच्या भट्टीतला सर्वांत किफायतशीर भाग आहे.

दुसरा उपाय: पृष्ठभाग वाढवा. भांडी चुलीवर नुसती न ठेवता आत लोंबती ठेवायची ती याचसाठी, म्हणजे बाजूंनाही जाळ लागतो. व्यावसायिक इव्हॅपोरेटरच्या मागच्या काहिलीला खाली खोल घड्या पाडलेल्या असतात, त्यामागेही हाच विचार.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. रस आहे तोवर तळाचं स्टील ११० अंशांच्या आसपास राहतं. रस संपला, की उष्णता ओढून घेणारं कोणी उरत नाही आणि तोच तळ मिनिटभरात कित्येकशे अंशांवर जातो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लाकूड, हवा, धुराडं

१ किलो लाकूड पूर्ण जळायला निदान ४ घनमीटर हवा लागते. आपल्या भट्टीत तासाला साडेसात-आठ किलो लाकूड जाणार, म्हणजे ३०-३२ घनमीटर, प्रत्यक्षात दीड-दोनपट. ही हवा ओढायचं काम धुराडं करतं. आतला वायू गरम आणि हलका, बाहेरची हवा थंड आणि जड. ३०० अंशांचा वायू आणि अडीच मीटर उंच धुराडं असेल तर दाबातला फरक येतो १५ पास्कल. म्हणजे पाण्याचा दीड मिलिमीटर उंचीचा स्तंभ! इतक्या नाजूक ओढीवर सगळी भट्टी चालते. म्हणून ठोकळ्यांमधल्या फटी मातीने किंवा सिरॅमिक वूलने बुजवा. वरच्या फटीतून थंड हवा आत शिरली तर ओढ मरते आणि वायूही थंडावतो. हवा खालूनच यावी, जाळीतून, निखाऱ्यांमधून.

लाकूड वर्षभर वाळलेलं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं अर्धं वजन पाण्याचं असतं. त्यातून किलोमागे ८ मेगाज्यूलच मिळतात. पाणी भांड्यातलं आटवायचं आहे, चुलीतलं नव्हे. ओंडके नकोत, मनगटाएवढ्या फाकी करा. दर सात-आठ मिनिटांनी दोन-तीन फाकी, आडव्या-उभ्या, मोकळ्या टाका आणि दार लगेच लावा. दार उघडं राहिलं की थंड हवेचा लोट आत जातो आणि भांड्यातली उकळी बसलेली दिसते. धुराड्यातून काळा धूर येत असेल तर ते न जळलेलं इंधन आहे, तुमच्याच घामाचं.

तीन भांड्यांची साखळी

थंड रस नेहमी मागच्या भांड्यात ओता. तिथे तो तापतो, मग डावाने मधल्या भांड्यात, तिथून पुढच्यात. पुढच्या भांड्याखाली खरा जाळ, तिथे सर्वांत दाट रस. थंड रस थेट पुढे ओतलात तर उकळी थांबते आणि वेळ जातो. फेस वर येऊ लागला तर लोण्याचा हरभऱ्याएवढा गोळा टाका. गुऱ्हाळात याच कामाला तेल वापरतात. स्निग्धांशाने बुडबुड्यांचे पापुद्रे टिकत नाहीत, फेस बसतो.

आता खरी जोखीम. समजा तुम्ही १५० लिटर रस घेतलात. अकराएक तास, ८०-८५ किलो लाकूड, आणि शेवटी मिळणार जेमतेम ३.४ लिटर सिरप. रसात ५० टक्के साखर झाली की ६७ टक्क्यांपर्यंत पोचायला फक्त दीड लिटर पाणी उडायचं बाकी असतं. रस तिन्ही भांड्यांत पसरलेला असेल तर आपली भट्टी ते काम ६ मिनिटांत करते, आणि तोवर भांड्यातला थर उरतो पाऊण सेंटिमीटरचा. इथे गॅस नाही, बटण फिरवून आग बंद करता येत नाही. निखारे अर्धा-पाऊण तास उष्णता देतच राहतात. अकरा तासांचं काम दोन मिनिटांत कोळसा होतं ते इथे, आणि सोबत भांडंही जातं.

म्हणून नियम सोपा ठेवा. सगळा रस मिळून ७-८ लिटर उरला की तो पुढच्या भांड्यात एकवटलेला असायला हवा. तिथे त्याची खोली ५ सेंटिमीटर भरेल. लाकूड टाकणं त्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबवा. रिकाम्या होणाऱ्या भांड्यांत लगेच साधं पाणी ओता. मग पुढचं भांडं दोघांनी मिळून, जाड हातमोजे घालून उतरवा, आणि त्याच्या जागी पाण्याचं भांडं ठेवा. उरलेलं काम घरात, गॅसवर, एक्झॉस्ट पंखा लावून. तिथे आग तुमच्या ताब्यात असते.

शेवटचे ४ अंश

सिरप झालं हे कसं ओळखायचं? साखर विरघळली की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. २० टक्क्यांना ही वाढ अर्ध्या अंशाहूनही कमी, ५० टक्क्यांना दोनेक अंश आणि ६७ टक्क्यांना ४ अंश. म्हणजे पहिले नऊ-दहा तास थर्मामीटर जवळजवळ हलतच नाही आणि शेवटी भराभर चढतो.

पण ४ अंश कशाच्या वर? १०० च्या वर असं समजू नका. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला, ठरावीक दाबाला. ३०० मीटर उंचीवर ते अंशभर आधी उकळतं. हवेचा दाब ३० हेक्टोपास्कलने उतरला, आणि वसंतातल्या वादळी हवेत तो उतरतो, तर पाऊण अंशाहून जास्त फरक पडतो. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने, शेजारच्या पातेल्यात साधं पाणी उकळून बघा आणि येईल त्या आकड्यात ४ मिळवा. थर्मामीटर स्वतः चुकीचा असला तरी चूक दोन्हीकडे सारखीच राहते आणि वजाबाकीत निघून जाते.

एका अंशाने आधी उतरवलंत तर सिरप पातळ राहून आंबतं किंवा त्याला बुरशी येते. अंशभर उशीर झाला तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. हाताचा अंदाज हवा असेल तर डाव बुडवून तिरका धरा. थेंब सुटे न पडता कडेवर एकत्र येऊन पडद्यासारखे ओघळले की झालं. एकतारी पाकाच्या जरा अलीकडे. मग गरम असतानाच जाड लोकरी किंवा फेल्टच्या कापडातून गाळा, कारण आटताना रसातलं कॅल्शियम मॅलेट वाळूसारखं खाली बसतं. निदान ८५ अंशांना बाटल्यांत भरा आणि झाकण लावा.

एवढं टाळा

संपूर्ण रस घरात उकळू नका. दिवसभरात शंभरावर लिटर पाणी भिंतींवर आणि छतावर जमेल. लाकडाची भट्टी बंद गॅरेजमध्ये तर कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. जुन्या बाजारातली डाग दिलेली भांडी घेऊ नका, त्या डागात शिसं असू शकतं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जाळाजवळ नको. त्याचा धूर विषारी असतो आणि त्या भांड्यात उकळलेला रस खाण्याजोगा राहत नाही. अनेक गावांत उघड्यावर आग पेटवायला परवानगी लागते, तेव्हा अग्निशमन खात्याला आधी विचारा. आणि साठवलेला रस बर्फात गाडून ठेवा, दोन-तीन दिवसांत आटवा. तो दुधासारखाच नासतो.

न उकळता निघणारं पाणी

साखर आणि पाणी वेगळं करायला खरोखर एवढी ऊर्जा लागते का? मुळीच नाही. २ टक्के रसाचा परासरण दाब दीड वातावरणाच्या आत असतो. त्या दाबाविरुद्ध १ लिटर पाणी पडद्यापार ढकलायचं तर किमान काम ०.१४ किलोज्यूल. वाफ करायला लागतात २२६० किलोज्यूल, म्हणजे दहा हजारपटीहून जास्त. रस दाट होत जातो तसा दाब वाढतो, पंपातही ऊर्जा वाया जाते, तरीही तफावत प्रचंड राहते. म्हणून मोठे उत्पादक आधी रिव्हर्स ऑस्मॉसिस करतात, म्हणजे आपल्या घरी पिण्याच्या पाण्याला असतो तोच आरओ. रस २ वरून ८ टक्क्यांवर नेला की तीन चतुर्थांश पाणी आगीशिवायच गेलेलं असतं.

तुमच्याकडे त्याहून स्वस्त यंत्र आहे: रात्रीची थंडी. बादलीतला रस अर्धवट गोठला की सकाळी वरचा बर्फ काढून थोडा निथळू द्या आणि टाकून द्या. गोठताना पाणी साखरेला बहुतांशी बाहेर ढकलतं. पाव बादली बर्फ निघाला तर जवळजवळ पाव जळण वाचलं.

पहिली आग पाण्यावर

भट्टी तयार झाली की लगेच रस ओतू नका. तिन्ही भांड्यांत मोजून पाणी भरा आणि लाकूड वजन करून ठेवा. उकळी आल्यापासून तासाभरात किती पाणी उडालं आणि किती लाकूड जळलं ते लिहा. १५ लिटर पाणी आणि ८ किलो लाकूड असा आकडा आला, तर १५ ला २.२६ ने गुणा आणि त्याला ८ गुणिले १५ ने भागा: २८ टक्के. हा तुमच्या भट्टीचा आकडा. आता एका वेळी एकच गोष्ट बदला. वाळूचा उतार थोडा चढवा, एखादी फट बुजवा, धुराडं हातभर वाढवा, आणि पुन्हा मोजा. पाणी फुकट आहे आणि ते करपत नाही. मार्चमध्ये रस वाहू लागेल तेव्हा पुढची लाकडं कधी टाकायची आणि कधी थांबवायची, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.